बांध सामायिक, शेत ज्याचे त्याचे

२०२२ च्या सप्टेंबरात वेदान्त आणि फॉक्सकॉन या दोन कंपन्यांनी गुजरात सरकारशी १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा करार केला, तेव्हा मराठी मुलुखात जो गदारोळ उठला तो वाचकांच्या स्मरणात असेल. पुण्याजवळच्या तळेगावला येणार म्हणून ज्या सेमीकंडक्टर कारखान्याची बोलणी चालली होती तो ऐन वेळी शेजारच्या राज्यात गेला. महाराष्ट्राच्या तोंडचा घास कोणी घालविला, आधीच्या सरकारने की नंतरच्या, यावर विधिमंडळात, जाहीर सभांत आणि आम्हां वृत्तपत्रवाल्यांच्या स्तंभांत बरेच दिवस रणे माजली. पुढे दहा महिन्यांनी, २०२३ च्या जुलैत, फॉक्सकॉनने या भागीदारीतून अंग काढून घेतले. तो कारखाना ना तळेगावला उभा राहिला, ना धोलेऱ्याला. ज्या घासासाठी दोन राज्ये भांडली तो ताटात वाढलाच गेला नव्हता.

त्या साऱ्या वादात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही, आणि न विचारणाऱ्यांत आम्हीही होतो हे कबूल केले पाहिजे. चिप घडविण्याची विद्या या दोन भागीदारांपैकी नेमकी कोणापाशी होती? वेदान्त ही खाणी आणि धातू यांच्या व्यवसायातली कंपनी. गोव्याच्या वाचकांना तिची ओळख करून देण्याचे कारण नाही. तैवानची फॉक्सकॉन दुसऱ्यांचे फोन आणि उपकरणे जुळवून देण्यात जगात अग्रेसर आहे. परंतु सुटे भाग जुळविणे ही एक विद्या आणि सिलिकनच्या चकतीवर केसाच्या हजारो पटींनी सूक्ष्म अशी मंडले उमटविणे ही अगदी वेगळी विद्या. ती तिसऱ्याच, युरोपातल्या एका कंपनीकडून आणण्याचे घाटत होते. म्हणजे एकाने भांडवल आणायचे, दुसऱ्याने नाव आणायचे, निम्मा खर्च सरकारने सोसायचा आणि जिच्यावाचून सारे अडते ती विद्या मात्र बाहेरून भाड्याने घ्यायची! ही भागीदारी मोडली यात नवल ते काय? नवल वाटावे ते याचे, की तिला आपण तंत्रज्ञान-सहकार्य असे नाव दिले होते.

‘कंपन्यांचे तांत्रिक सहकार्य’ हा शब्दप्रयोग अलीकडे मंत्र्यांच्या भाषणांत आणि कंपन्यांच्या पत्रकांत मुक्तहस्ताने उधळला जातो. परवाना विकत घेतला तरी सहकार्य, परदेशी माल येथे जोडून विकला तरी सहकार्य, आणि दोन प्रयोगशाळांनी मिळून आजवर कोणालाच न सुटलेले कोडे सोडविले तरी तेही सहकार्यच. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी व्यापाराच्या आहेत. व्यापार करू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिसरी गोष्ट निराळी आहे, दुर्मिळ आहे, आणि राष्ट्राचे औद्योगिक भवितव्य तिच्यावर अवलंबून असते.

आमच्या गोव्यातली खाजनशेती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हा भेद चटकन उमजेल. गावकरीच्या शेतांत शेजारी शेजारी कसणारे लोक एकमेकांचे जिवलग होते असे मुळीच नाही. पावणीच्या वेळी ते चढाओढीने बोली बोलत, मेरेवरच्या वीतभर जागेसाठी कोर्टाची पायरी चढत, आणि एकमेकांशी बोलणे टाकीत ते पिढ्यान् पिढ्या. परंतु नदीचे खारे पाणी अडविणारा बांध, आणि भरती-ओहोटीबरोबर मिटणारी व उघडणारी मानस, यांची राखण साऱ्यांनी मिळूनच करायची असे. कारण बांध एकट्याने घालता येत नाही, आणि तो फुटला तर एकट्याचेच शेत बुडत नाही. बांध सामायिक, शेत ज्याचे त्याचे. कूळ कायद्यानंतर बांध नेमका कोणाचा हा प्रश्न लोंबकळत राहिला आणि कित्येक गावांत पिकती शेते खारी झाली, हेही आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

हा शेतकऱ्याचा न्याय यंत्रयुगात सर्वांत शिस्तीने कोणी आचरून दाखविला असेल तर तो जपानने. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या दडपणामुळे जपानला आपली संगणकांची बाजारपेठ परदेशी कंपन्यांना खुली करणे भाग पडत होते. त्याच सुमारास आयबीएम ही बलाढ्य अमेरिकन कंपनी सर्वस्वी नव्या पिढीचा संगणक तयार करीत असल्याची वार्ता तोक्योला पोचली. फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, एनईसी आणि तोशिबा या जपानच्या पाच कंपन्या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी. परंतु हा लोंढा आला तर आपण पाचही जणी वाहून जाऊ हे त्यांना कळत होते. १९७६ साली त्यांच्या सरकारच्या उद्योग मंत्रालयाने या पाचांची एक संशोधन संघटना उभी केली. मुदत ४ वर्षांची. खर्च सुमारे ७० अब्ज येन. त्यांतले ३० अब्जांच्या आसपास सरकारचे, आणि तेही दान म्हणून नव्हे. फायदा झाला तर परत करायचे, अशी अट त्याला होती.

कावासाकी येथे एनईसीच्या आवारात या संघटनेची सामायिक प्रयोगशाळा थाटण्यात आली. तिचा प्रमुख पाचांपैकी कोणाचाही माणूस नव्हता. सरकारी प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ यासुओ तारुई यांना ते काम देण्यात आले. पाचही कंपन्यांतून निवडलेले सुमारे शंभर संशोधक येथे आले. काल-परवापर्यंत एकमेकांच्या मालावर मात करण्यासाठी झटणारी ही माणसे एका छताखाली येऊन लगेच मोकळेपणे बोलू लागतील अशी अपेक्षा कोणी केली नव्हती, आणि ती बोललीही नाहीत. त्यांना बोलते करणे हेच व्यवस्थापकांचे पहिले मोठे काम ठरले. संध्याकाळी एकत्र पेयपानाला बसविण्याचा खास जपानी उपायही त्यासाठी योजावा लागला म्हणतात. आमच्याकडे असल्या बैठकांतून संशोधनाऐवजी आणखी काही निष्पन्न झाले असते, पण ते असो.

खरे शहाणपण होते ते कामाच्या वाटणीत. कोणती चिप बनवायची, ती कशी बनवायची, बाजारात कोणत्या भावाने विकायची, यांतले काहीही या सामायिक प्रयोगशाळेत ठरत नव्हते. ते ज्याने त्याने आपल्या घरी करायचे होते, आणि एकूण पैशाचा मोठा भाग कंपन्यांच्या आपापल्या गटांतील प्रयोगशाळांतच खर्च झाला. कावासाकीला हाताळायचे ते फक्त पाचांनाही अडविणारे मूलभूत प्रश्न: सिलिकनचा स्फटिक अधिक निर्दोष कसा वाढवावा, चकती तापविली असता ती वाकू नये म्हणून काय करावे, इलेक्ट्रॉनांच्या झोताने वा प्रकाशाने सूक्ष्मातिसूक्ष्म रेघ कशी उमटवावी. ज्याचे उत्तर सापडले तर पाचांनाही सारखाच लाभ, आणि न सापडले तर पाचांचेही सारखेच नुकसान, असेच प्रश्न तेथे निवडले गेले.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. निकॉन आणि कॅनन या कॅमेरे व भिंगे बनविणाऱ्या कंपन्या त्या पाचांत नव्हत्या. परंतु चकतीवर टप्प्याटप्प्याने नक्षी छापणारी यंत्रे, ज्यांना स्टेपर म्हणतात, ती त्यांच्याकडून घडवून घेण्यात आली. निकॉनचा पहिला स्टेपर याच संघटनेसाठी तयार झाला. तोवर ही यंत्रे अमेरिकेतून येत असत. १९८० साली मुदत संपली तशी सामायिक प्रयोगशाळा मोडण्यात आली आणि शंभर संशोधक आपापल्या घरी परतले. मागे उरले ते सुमारे हजार पेटंट, एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे, आणि पाचांनाही यंत्रे पुरवू शकणारा एक स्वदेशी यंत्रोद्योग. आमच्या दृष्टीने या तिहींत शेवटचे फळ सर्वांत मोलाचे होते. एकदा स्थापन झालेली समिती मुदत संपताच खरोखरीच बरखास्त होते, हा चमत्कार आपल्या देशात दुर्मिळच. त्याचीही येथे नोंद करून ठेवतो.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १९८१-८२ च्या सुमारास संगणकाच्या स्मृती-चिपांच्या नव्या पिढीत जपानी कंपन्यांनी जगाचा बहुतांश बाजार काबीज केला. ज्या इंटेलने हा धंदा सुरू करून दिला होता तिनेच १९८५ साली त्यातून माघार घेतली. १९८६ साली अमेरिकेने जपानशी सेमीकंडक्टरच्या व्यापाराचा करार करून आपला बचाव करण्याची धडपड केली.

अमेरिकेची पंचाईत अशी होती, की प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एका खोलीत बसणे हेच तेथे संशयास्पद मानले जाई. १८९० च्या शर्मन कायद्यापासून तेथील न्यायालये अशा बैठकांकडे संगनमत म्हणून पाहत आली होती. १९८४ साली खास कायदा करून संयुक्त संशोधनाला सवलत द्यावी लागली. नंतर १९८७ मध्ये १४ कंपन्यांनी मिळून सेमाटेक नावाची संस्था स्थापिली आणि ती टेक्सासमध्ये ऑस्टिन येथे वसविली. वर्षाला १० कोटी डॉलर सरकारच्या संरक्षण खात्याने द्यायचे, तितकेच कंपन्यांनी घालायचे. इंटेलचे एक संस्थापक आणि एकात्म मंडलाचे एक जनक रॉबर्ट नॉईस यांनी १९८८ मध्ये तिची धुरा उचलली. दुर्दैवाने दोनच वर्षांत त्यांचा मृत्यू झाला.

सेमाटेकची कथा जपानच्या कथेइतकी साजरी नाही, आणि म्हणूनच ती अधिक बोधप्रद आहे. आरंभी १४ कंपन्यांनी मिळून चिप घडविण्याची एक सामायिक रीत तयार करावी असा बेत होता. तो लौकरच फिसकटला. आपली उत्तम रीत प्रतिस्पर्ध्याच्या समोर ठेवायला कोणी मनापासून राजी होईना. मग संस्थेने आपला मोहरा वळविला आणि यंत्रे व साहित्य पुरविणाऱ्या कंपन्यांना सुधारण्याचे काम हाती घेतले. कारण चांगले यंत्र मिळाले तर चौदाही जणांना ते हवेच होते. म्हणजे शेत सामायिक करण्याचा हट्ट सोडून ते बांधाकडे वळले. तरी साऱ्यांचे समाधान झाले नाही. बाहेर राहिलेल्या लहान कंपन्यांची तक्रार होती की सरकारचा पैसा बड्यांच्या घरी जातो. १९९२ च्या सुमारास एलएसआय लॉजिक आणि मायक्रॉन या सभासद कंपन्या बाहेर पडल्या. ज्या जीसीए कंपनीचे स्टेपर सुधारण्यासाठी खटपट झाली तिची यंत्रे सुधारली खरी, परंतु तोवर गिऱ्हाइके निकॉनकडे गेली होती, आणि १९९३ मध्ये जीसीएला टाळे लागले. वरातीमागून घोडे धाडावे तसे झाले. १९९० नंतर अमेरिकेने आपले अग्रस्थान पुन्हा मिळविले हे खरे. त्यात सेमाटेकचा वाटा किती, कोरियाने जपानला दिलेल्या टक्करीचा किती आणि इंटेलच्या प्रोसेसरचा किती, यावर जाणकारांत एकमत नाही. आम्हांला त्या वादात शिरण्याची गरज नाही. १९९६ पासून या संस्थेने सरकारचा पैसा घेणे स्वतःहून थांबविले, ही गोष्ट मात्र तिच्या खात्यावर जमा धरली पाहिजे.

या दोन महासत्तांच्या झोंबीत बाजी मारली ती तिसऱ्याच, चिमुकल्या देशाने. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने आणि एएसएम या दुसऱ्या डच कंपनीने १९८४ साली स्टेपर बनविणारी एक जोड-कंपनी काढली. तीच आजची एएसएमएल. तिच्यापाशी स्वतःची भिंगे नव्हती. ती जर्मनीच्या झाइसने घडवून दिली. अतिनील प्रकाशाच्याही पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी चिप छापण्याची कल्पना पुढे आली तेव्हा इंटेल आणि तिच्या सहकारी कंपन्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांशी १९९७ मध्ये जो करार केला, त्यात या डच कंपनीला शिरकाव मिळाला. जपानी कंपन्या बाहेर राहिल्या. तरीही ते यंत्र काही केल्या पुरे होईना. तेव्हा २०१२ मध्ये इंटेल, तैवानची टीएसएमसी आणि कोरियाची सॅमसंग या तिघा हाडवैऱ्यांनी एएसएमएलचे मिळून २३ टक्के भाग विकत घेतले आणि शिवाय संशोधनासाठी १ अब्ज ३८ कोटी युरो देण्याचे मान्य केले. आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही तेच यंत्र मिळणार आहे हे पक्के ठाऊक असताना त्यांनी हा पैसा घातला! २०१९ च्या आसपास त्या यंत्रावर छापलेल्या चिपा बाजारात आल्या, आणि हे यंत्र बनविणारी दुसरी कंपनी जगात आजही नाही.

सहकार्य हा काही परीस नव्हे, हेही सांगून टाकले पाहिजे. ज्या पाच जपानी कंपन्यांनी १९८० नंतर जग जिंकले त्यांपैकी एकही आज संगणकाच्या त्या स्मृती-चिपा बनवीत नाही. एनईसी आणि हिताची यांनी १९९९ साली आपला हा धंदा एकत्र करून काढलेली एल्पिडा कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. बळ असताना बांध घालण्यासाठी एकत्र येणे वेगळे, आणि बुडताना एकमेकांच्या गळ्यात पडणे वेगळे. जपानने २०२२ मध्ये आठ बड्या कंपन्यांच्या भांडवलावर रॅपिडस नावाचा नवा डाव मांडला. त्यात आयबीएमची विद्या आणि सरकारचा प्रचंड पैसा आहे. त्याचे काय होते हे पाहण्यासारखे आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याला हा मार्ग ठाऊकच नव्हता असे नाही. स्वातंत्र्याच्या वर्षीच, १९४७ मध्ये, विक्रम साराभाई या अठ्ठावीस वर्षांच्या शास्त्रज्ञाने अहमदाबादच्या गिरणीमालकांना पटवून अटिरा ही कापड-संशोधनाची सामायिक संस्था काढली. तिच्या पाठोपाठ मुंबईत आणि कोइमतूरला तशाच संस्था निघाल्या. मोटार उद्योगाने १९६६ साली पुण्यात एआरएआय स्थापन केली. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे ऊस व साखर यांच्या संशोधनासाठी जी संस्था उभारली, ती आज वसंतदादांच्या नावाने चालते. सूत, ऊस आणि मोटारी यांच्या बाबतीत आपल्याला जे सुचले ते चिपांच्या बाबतीत का सुचू नये?

कारण मधल्या काळात आपल्याला दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय लागली. १९८४ मध्ये किनेटिक होंडा निघाली. इंदूरजवळच्या पिथमपूरला तिचा कारखाना होता. बटन दाबताच सुरू होणारी ती स्कूटर माळव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या मराठी कुटुंबांत किती लाडकी होती हे आमच्या पिढीला सांगायला नको. १९९८ मध्ये होंडाने आपले भाग विकून ती भागीदारी सोडली, आणि २००१ साली स्वतःची ॲक्टिव्हा बाजारात आणून स्कूटरच्या त्याच रस्त्यावर राज्य केले. किनेटिकच्या स्कूटरचा धंदा २००८ मध्ये महिंद्रांकडे गेला. हीरो होंडाची संगत २६ वर्षे टिकली. २०१० च्या डिसेंबरात फारकतीची घोषणा झाली तेव्हा जगात सर्वांत अधिक मोटारसायकली बनविणाऱ्या हीरोला स्वतःचे इंजिन घडविण्याचे धडे नव्याने गिरवावे लागले. होंडाला आम्ही दोष देत नाही. तिने जे देण्याचे कबूल केले ते दिले. जे आपण मागितलेच नाही, ते तिने का द्यावे? याउलट पुण्याच्या बजाजने कावासाकीकडून शिकत असतानाच आकुर्डीला आपले संशोधन चालू ठेवले, २००१ मध्ये पल्सर काढली, आणि २००७ पासून ऑस्ट्रियाच्या केटीएमशी जी भागीदारी केली तिच्यात बरोबरीच्या नात्याने बसण्याइतकी स्वतःची विद्या तिच्यापाशी होती. केटीएमच्या लहान मोटारसायकली चाकणला तयार होऊन जगभर जाऊ लागल्या त्या त्यामुळेच.

सेमीकंडक्टरच्या बाबतीत आज सरकारी तिजोरीचे दार सताड उघडे आहे. २०२१ च्या डिसेंबरात केंद्राने यासाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली. साणंदला अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीचा जो प्रकल्प २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याच्या २७५ कोटी डॉलर खर्चापैकी निम्मा केंद्राने आणि आणखी २० टक्के गुजरात सरकारने द्यायचा आहे. म्हणजे रुपयातले सत्तर पैसे तुमचे आमचे आणि मालकी मायक्रॉनची. आणि तेथे होणार ती चिपांची जुळणी व तपासणी, घडण नव्हे. धोलेऱ्याला टाटांचा ९१ हजार कोटींचा कारखाना तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या साहाय्याने उभारण्याचे ठरले आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याची पायाभरणी झाली. तेथे चिपा खरोखरीच घडविल्या जावयाच्या आहेत, ही समाधानाची गोष्ट. परंतु पॉवरचिपने विद्या द्यावी, माणसे शिकवावी आणि त्याचा मोबदला घ्यावा, असे त्या व्यवहाराचे स्वरूप आहे. आरंभ म्हणून ते आम्ही गैर मानीत नाही. मोहालीचा सरकारी चिप-कारखाना १९८९ मध्ये आगीत जळाल्यानंतर आपण जी वर्षे गमावली ती भरून काढायला कोठून तरी सुरुवात केलीच पाहिजे. प्रश्न पुढचा आहे. आज घेतलेली रीत दहा वर्षांनी जुनी होईल, तेव्हा तिच्या पुढची पायरी आपण स्वतः घालणार की पुन्हा तैपेईचे दार ठोठावणार?

आमचे म्हणणे इतकेच, की ज्या ज्या कंपनीला या योजनेतून पैसा मिळतो तिने त्यातला ठरावीक हिस्सा आणि आपले ठरावीक अभियंते एका सामायिक प्रयोगशाळेला दिले पाहिजेत, अशी अट सरकारने आजच घालावी. टाटा, मुरुगप्पा, एचसीएल, केन्स या कंपन्या बाजारात खुशाल एकमेकींशी झुंजोत. परंतु रसायनांची शुद्धता, चकत्यांचा दर्जा, यंत्रांची दुरुस्ती व सुटे भाग यांचे प्रश्न त्या सर्वांचे एकच आहेत. पुणे, कोल्हापूर, बेळगाव येथल्या ओतकाम आणि यंत्रकाम करणाऱ्या लहान कारखानदारांना तेथे पाऊल ठेवता आले, तर जपानने निकॉनला हाताशी धरले तसे काही येथेही घडू शकेल. गोव्यात पेडण्याजवळ तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स वसाहतीसाठी जमीन राखण्यात आली. नुसत्या जमिनीने उद्योग येत नाही हा अनुभव आपण घेतलेला आहे. फार्मागुडीच्या आणि वेर्णा पठारावरच्या मुलांना काम देईल अशी प्रयोगशाळा त्या जमिनीवर मागण्याची बुद्धी आपल्या राज्यकर्त्यांना व्हावी.

आणि गोव्याला या प्रश्नाची धग लागलेलीच नाही असे कोणी समजू नये. समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून निकामी करणाऱ्या १२ नौका बांधण्याचे काम २०१५ मध्ये, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, वास्कोच्या गोवा शिपयार्डकडे सोपविण्यात आले. सुमारे ३२ हजार कोटी रुपयांचे हे काम. या नौकांचे सांगाडे लोखंडाचे चालत नाहीत, कारण लोखंडाने चुंबकी सुरुंग जागा होतो. काचतंतूंचे मिश्रण वापरून ते बांधायचे असतात, आणि ती विद्या देण्यासाठी दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीशी बोलणी चालली होती. ती तीन वर्षे चालली. विद्या किती द्यायची आणि कोणत्या अटींवर, यावरच प्रामुख्याने गाडे अडले आणि २०१८ च्या जानेवारीत सारेच रद्द झाले. पुढच्या वर्षी नौदलाने आपली शेवटची सुरुंगशोधक नौका निवृत्त केली. सुमारे अकरा हजार किलोमीटरची किनारपट्टी आणि तिच्या रक्षणाला अशी एकही नौका नाही, ही अवस्था आपण ओढवून घेतली.

२०२५ च्या जुलैत संरक्षण खात्याच्या खरेदी मंडळाने या नौकांना पुन्हा प्राथमिक संमती दिली. काम कोणत्या गोदीला मिळते याच्या चर्चेत आपले खासदार आणि आमदार हिरिरीने उतरतील, आणि त्यांनी उतरावेही. परंतु त्याआधी त्यांनी दिल्लीत एकच गोष्ट विचारून घ्यावी. काचतंतूंचा तो सांगाडा ओतण्याची विद्या या वेळी करारात कोणत्या कलमाखाली येणार आहे, ती शिकायला वास्कोचे किती अभियंते आणि किती कारागीर जाणार आहेत, आणि तेरावी नौका बांधायची वेळ आली तर कोणाची परवानगी घ्यावी लागेल?